मेमोरियल डे पुन्हा ३० मेला न्यावा का?

न्यूजर्सीकर
मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेत मेमोरियल डे, युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा दिवस. आमच्या गल्लीत त्या दिवशी सकाळपासून बार्बेक्यूचा धूर, आणि गाद्यांच्या दुकानांवर सेलचे फलक तर त्याआधीच लागलेले असतात. मूळ दिवस ३० मे. यादवी युद्धात मेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला जनरल जॉन लोगन यांनी १८६८ मध्ये तो ठरवला, म्हणून जुनं नाव डेकोरेशन डे. पुढे १९६८ च्या कायद्याने हा दिवस, वॉशिंग्टनचा वाढदिवस, कोलंबस डे आणि माजी सैनिकांचा व्हेटरन्स डे असे चारही १९७१ पासून सोमवारला बांधले गेले. का, तर लोकांना सलग तीन दिवस सुट्टी मिळावी. श्राद्ध कुणी लाँग वीकेंड बघून घालतं का? दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेले हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये २०१२ मध्ये मरेपर्यंत वर्षानुवर्षं तारीख परत नेण्याचं विधेयक मांडत राहिले. कुणी दाद दिली नाही.

आळशी_राजा
तारीख फिरवली म्हणून बार्बेक्यू बंद होणार? ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन तारखेलाच असतो की, तिथे काय होतं? आणि एक सांगा, तुमच्या मंडळाचा गणपती कधी असतो? चतुर्थी मंगळवारी, आरती शनिवारी, शाळेचा हॉल मिळेल तेव्हा. लेझीम खेळताना तिथी आठवत नाही ती!

न्यूजर्सीकर
घरचा गणपती चतुर्थीलाच बसतो हो, मंडळाचा नंतर. तिथी कुठेतरी पाळली जाते, मुद्दा तोच आहे. इथे ३० मे कुणाच्याच घरी उरला नाही. व्हेटरन्स डेचं बघा. तो ऑक्टोबरातल्या सोमवारी ढकलला, पण लोकांना आणि बऱ्याच राज्यांना ते पटेचना. शेवटी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९७५ मध्ये कायद्यावर सही केली आणि १९७८ पासून ११ नोव्हेंबर परत आला. लोकांनी धरून ठेवलं की होतं.

टेक्सासची_सून
तुलनाच चुकतेय. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिलं महायुद्ध थांबलं, म्हणून ती तारीख हलवता येत नाही. जूनटीन्थही तसाच. १९ जून १८६५ ला टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम वाचला गेला. २०२१ मध्ये त्याची राष्ट्रीय सुट्टी झाली तेव्हा सोमवार करा म्हणून कुणी अडून बसलं नाही. ३० मेला असं काय घडलं होतं? लोगनसाहेबांनी ठरवलेली तारीख ती. १८६८ मध्ये त्या दिवशी शनिवार होता, हे जाता जाता.

गिरगावकर
पुढे ढकलणं म्हणजे विसरणं नव्हे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस एक दिवस पुढे नेला आणि सरकारने २९ ला सुट्टी दिली. श्रद्धा कमी झाली असं कुणी म्हणालं नाही.

न्यूजर्सीकर
तो मान दुसऱ्याच्या सणासाठी दिला होता. इथे मान कुणाला दिलाय? गाद्यांच्या सेलला.

रात्रपाळी
तुमची सगळी चर्चा सुट्टी मिळणाऱ्यांची चाललीय. खासगी मालकाने या दिवशी सुट्टी द्यावी असा केंद्राचा कायदाच नाही. सेल म्हणजे आमची लांबलेली पाळी. दुपारी तीनला मिनिटभर थांबून मृतांची आठवण काढावी असं २००० मध्ये संसदेने ठरवलं. त्या वेळी मी कॅश काउंटरवर असते, समोर रांग आणि कूपन चालत नाही म्हणून भांडणारं गिऱ्हाईक. तारीख ३० मे करा नाहीतर ३१ फेब्रुवारी, आम्हाला काय फरक पडतो?

टेक्सासची_सून
हे मात्र शंभर टक्के खरं. मागायचंच तर आधी दुकानं बंद ठेवायचा कायदा मागा.

न्यूजर्सीकर
दोन्ही मागू. सोमवार गेला की तीन दिवसांचा सेल आपोआप मोडतो, दुकानदारांना काय चाटायचीय ३० मे बुधवारी आली तर?

आळशी_राजा
सेल आठवडाभराचा करतील. आणि बुधवारी आली तर गुरुवार-शुक्रवार रजा टाकणाऱ्यांत पहिले तुम्हीच असाल. पैज?