शब्दचर्चा: ‘उपकारस्तुती’, आणि ‘स्थितीत’ की ‘स्थितीबद्दल’?

निळी शाई
दुःखात असलेल्या कुटुंबांना देण्यासाठी एक छोटी प्रार्थनापुस्तिका तयार होते आहे. तिचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलंय. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पहिल्याच पानावर बायबलमधलं वचन आहे, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८). लिहिणाऱ्यांना ते जड वाटलं म्हणून त्यांनी खाली सोपं करून दिलंय: ‘प्रत्येक परिस्थितीबद्दल देवाचे आभार माना.’ हे वाक्य मला खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाहीये. शिवाय ‘उपकारस्तुती’ हा शब्द मी तरी पहिल्यांदाच वाचला. जाणकारांनी मदत करावी.

जुनी वही
खटकायलाच हवं. विभक्ती बदलली आणि तिच्याबरोबर अख्खा उपदेश बदलला. ‘स्थितीत’ ही सप्तमी, माणूस कुठे सापडलाय एवढंच ती सांगते. ‘स्थितीबद्दल’ म्हटलं की ती स्थितीच आभाराचं कारण होऊन बसते. आजारपणात देवाचे आभार मानणं आणि आजारपणाबद्दल देवाचे आभार मानणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘एन पान्ती’ आहे, शब्दशः ‘सगळ्यात’. ‘स्थिती’ हा शब्द मराठी भाषांतरकारांनी पदरचा घातला, पण तो ‘-त’ मात्र मूळचा आहे आणि त्यांनी तो जपला.

त्याच वचनाच्या उत्तरार्धाकडेही बघा: ‘कारण तुमच्याविषयी ख्रिस्त येशूच्या ठायी देवाची इच्छा हीच आहे.’ यातल्या ‘हीच’ने फार घोळ घातलाय. लोक वाचतात की ही परिस्थिती हीच देवाची इच्छा. वाक्यात तसं नाही. आधीच्या दोन ओळींत ‘सर्वदा आनंदित असा’ आणि ‘निरंतर प्रार्थना करा’ आहे, मग उपकारस्तुती येते आणि ‘हीच’चा रोख या वागण्याकडे आहे. तुमच्या घरात जे घडलं ते देवाला हवं होतं, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल इथे म्हणतच नाही. पुस्तिका शोकातल्या माणसाच्या हातात पडणार असेल तर हा फरक छपाईआधी सांभाळाच.

काठावरचा
वकिली करतो जरा. इफिसकरांस ५:२० मध्ये तोच पौल ‘सर्व गोष्टींबद्दल’ म्हणतो ना? तिथे ग्रीकमध्ये ‘एन’ नाही, ‘हुपेर’ आहे, म्हणजे सरळसरळ ‘बद्दल’. मग पुस्तिकावाल्यांचं काय चुकलं?

जुनी वही
मुद्दा रास्त आहे. पण त्याच अध्यायात नऊ ओळी वर पौल अंधाराच्या कर्मांचे भागीदार होऊ नका, उलट ती उघडी पाडा, असं बजावतो. ज्या गोष्टी उघड्या पाडायच्या त्यांच्याचबद्दल आभारही मानायचे, हे एका दमात कोणी सांगणार नाही. शिवाय तिथे संदर्भ मंडळीने (म्हणजे ख्रिस्ती समुदायाने) एकत्र जमून स्तोत्रं गाण्याचा आहे. ‘सर्व गोष्टी’ म्हणजे देवाकडून मिळालेलं सगळं, असा अर्थ मला पटतो. याहून व्यापक अर्थ लावणारे आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. आणि ही पुस्तिका थेस्सलनीकाचं वचन देतेय, तेव्हा अर्थही थेस्सलनीकाचाच द्यावा.

पाटी-पेन्सिल
आता ‘उपकारस्तुती’. उपकार अधिक स्तुती, समास सरळ आहे. चर्चमध्ये वाढलेल्यांच्या कानाला तो इतका सवयीचा की त्यात अवघड काय, हेच त्यांना कळत नाही. बाहेरच्या माणसाची पंचाईत दुसरीच. मराठीत ‘उपकार’ शब्दाला ओझं आहे. उपकार फेडावे लागतात, उपकाराखाली माणूस दबतो, भांडणात ‘उपकार केलेस का माझ्यावर?’ असं ऐकवलं जातं. ‘आभार’ त्यामानाने हलका, पण तो सभेच्या शेवटाला बांधला गेलाय. आभारप्रदर्शन सुरू झालं की निम्मं सभागृह चपला शोधायला लागतं. ‘धन्यवाद’ शिष्टाचाराचा. ‘कृतज्ञता’ लेखी आणि भारदस्त. एकही शब्द निखळ नाही, काय करणार!

दवबिंदू
‘कृतज्ञता’ भारदस्त असेल, पण आत उघडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलं हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. त्याच्या उलट कृतघ्न, म्हणजे केलेल्याचा घात करणारा. मला तरी पुस्तिकेसाठी ‘सर्व परिस्थितीत कृतज्ञ राहा’ आवडेल.

जुनी वही
‘कृतज्ञ राहा’ला माझी हरकत एकच. ती मनाची अवस्था झाली. पौलाचं क्रियापद (‘एउखारिस्तेइते’) बोलण्याचं आहे, कोणाला तरी उद्देशून. कृतज्ञ एकट्याने, गप्प बसून राहता येतं. स्तुती करायला समोर कोणीतरी लागतं. म्हणून ‘उपकारस्तुती’तली ‘स्तुती’ मला जपावीशी वाटते.

ओझ्याबद्दल: त्या ग्रीक क्रियापदाच्या पोटात ‘खारिस’ आहे. खारिस म्हणजे कृपा, अनुग्रह. न मागता आणि न कमावता मिळालेलं. त्यामुळे ख्रिस्ती वापरात ‘उपकार’ शब्दातून फेडीचा अर्थ गळून पडतो. हिशेब पूर्ण करायचाच नसतो. याच शब्दावरून प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) ‘युखरिस्त’ हे नाव पडलं, कॅथलिक मंडळींत ते आजही रुळलेलं आहे. आणि येशूने त्या जेवणात भाकर घेऊन उपकारस्तुती केली ती रात्र कोणती, हेही पौल करिंथकरांना मुद्दाम सांगतो: ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं ती.

काठावरचा
म्हणजे शेवटी ते आपलं ‘समाधान’च झालं ना? देव ठेवील तसं राहावं, तक्रार करू नये. अभंगांतून हे ऐकतच आलोय की.

दवबिंदू
जवळचं आहे, तेच नाही. समाधानी माणूस मागणं थांबवतो. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’ असं आहे. (हो, तेच सभेवालं आभारप्रदर्शन!) मागणी चालू ठेवायची आणि आभारही. पौल तेव्हा बंदिवासात होता, साखळदंडात.

मातीचे पाय
इतका वेळ वाचत होतो. व्याकरण ठीक आहे, पण हे वचन प्रत्यक्ष कसं वापरलं जातं ते मी पाहिलंय. घरात मूल गेलेलं, आणि भेटायला आलेला विश्वासी बंधू खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ त्या आईच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघवलं नाही. ‘-त’ आहे का ‘-बद्दल’, तिला काय फरक पडणार होता? वचन बरोबरच होतं, तरी ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

जुनी वही
तुमचं म्हणणं मनापासून पटतं. हे वचन आज्ञार्थी आहे म्हणून ज्याला त्याला वाटतं की आपणही ती आज्ञा दुसऱ्याला सोडावी. पण चारच ओळी वर, ५:१४ मध्ये, त्याच लोकांना काय सांगितलंय? जे अल्पधैर्याचे आहेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांबरोबर सहनशीलतेने वागा. भेटायला जाणाऱ्याच्या वाट्याचं वचन ते आहे. अठरावं ज्याचं त्याने स्वतःशी म्हणायचं, किंवा सगळ्यांनी मिळून. क्रियापद अनेकवचनी आहे, पत्र मंडळीला लिहिलेलं आहे. लिहिणारा फिलिप्पैत फटके खाऊन आलेला, वाचणारे छळ सोसणारे, आणि त्यांच्यातली काही माणसं वारलेली. चौथ्या अध्यायात त्यांच्याबद्दलच्या शोकाचा विषय आहेच. ‘शोक करू नका’ एवढ्यावर पौल तिथेही थांबत नाही. ज्यांना आशा नाही अशांसारखा करू नका, म्हणतो. आशा धरूनही शोक होतो, हे त्यात गृहीत आहे.

दवबिंदू
मातीचे पाय, योहानाचा ११वा अध्याय बघा. येशूचा मित्र लाजर मेलाय, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. ३५व्या ओळीत येशू रडतो. ४१व्या ओळीत तोच वर बघून म्हणतो, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. मधल्या ओळींत धोंड बाजूला करायची भाषा चाललीय आणि लाजरची बहीण मार्था म्हणतेय, प्रभू, आता त्याला दुर्गंधी येत असेल. लाजर बाहेर येतो त्यानंतर. म्हणजे आभाराचे शब्द उच्चारले गेले तेव्हा प्रेत अजून आतच होतं आणि बोलणाऱ्याचे डोळे नुकतेच ओले झालेले. रडणं आधी उरकून मग आभार मानले, असं मला ते वाचताना वाटत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी, एकाच जागी आहेत.

आणि स्तोत्रसंहितेत ८८वं स्तोत्र आहे. ते अंधारात संपतं. आभाराची एक ओळसुद्धा शेवटी चिकटवलेली नाही. तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात राहिलं. मुलंबाळं आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचं ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ सगळ्यांना पाठ असतं, पण दोन अध्याय पुढे तोच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते कोणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही.

पाटी-पेन्सिल
कॉरी टेन बूम ही डच ख्रिस्ती लेखिका आणि तिची बहीण बेट्सी यांचा पिसवांचा किस्सा इथे येणारच, तर मीच सांगून टाकते. राव्हेन्सब्रुकच्या नाझी छावणीत बराकीत पिसवा बुजबुजलेल्या. बेट्सी हेच वचन काढून म्हणाली, पिसवांबद्दलही आभार मानू. कॉरीला ते पटेना. पुढे कळलं की पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी आत येत नव्हते, म्हणून बराकीत शास्त्रवाचन चालू राहू शकलं. आता हा ‘-त’ की ‘-बद्दल’?

मातीचे पाय
किस्सा सांगणारे नेहमी तिथेच थांबतात. बेट्सी त्याच छावणीत डिसेंबर १९४४ मध्ये वारली. पिसवांचं कारण सापडलं, पण तिच्या मरणाचं कोणतं कारण सांगणार? ‘बघा, शेवटी त्यातून चांगलंच निघालं’ असा पुरावा मिळाल्यावरच आभार मानायचे असतील तर ज्यांना पुरावा मिळत नाही त्यांनी काय करायचं?

जुनी वही
याच कारणासाठी मला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७वा अध्याय जास्त जवळचा वाटतो. पौल कैदी म्हणून रोमकडे चाललाय. वादळात सापडलेलं जहाज, कितीतरी दिवस सूर्य नाही की तारे नाहीत. चौदावी रात्र. जहाजावर २७६ माणसं, कोणाच्या पोटात अन्न नाही. पहाट होत असताना पौल सगळ्यांना काहीतरी खाऊन घ्या म्हणतो, भाकर घेतो, सर्वांसमक्ष देवाची उपकारस्तुती करतो, ती मोडतो आणि खायला लागतो. मग बाकीच्यांनाही धीर येतो आणि तेही खातात. उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात.

आणि जहाज फुटतंच. पुढचं टोक वाळूत रुततं, लाटांनी मागची बाजू मोडते, लोक पोहत किंवा फळ्यांवरून माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. जीव सगळ्यांचे वाचले. तसं वचन पौलाला आधीच मिळालं होतं, ते मान्य. पण आभार मानले म्हणून वादळ शमलं, असं हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही लिहीत नाही. पौलाने वादळाबद्दलही आभार मानले नाहीत. हातात भाकर होती, तिच्याबद्दल मानले. सराव कसा करायचा म्हणाल तर मला तरी एवढाच जमतो: परिस्थितीचा अर्थ लावत बसायचं नाही, हातात काय आहे ते नाव घेऊन, मोठ्याने म्हणायचं. काही दिवशी ते फार छोटं असतं. रात्री दोन तास झोप लागली, कोणीतरी न बोलता शेजारी बसलं. तेवढं.

काठावरचा
पण ‘दुसऱ्यांना तर तेवढंही नाही’ हे मनात येतंच की. आपल्याला निदान दोन तास तरी लागली!

दवबिंदू
तिथेच सावध राहायचं. लूक १८ मधला परूशीही (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) प्रार्थनेत आभारच मानतो, आणि क्रियापद हेच आहे. इतर माणसांसारखा मी नाही, ह्या जकातदारासारखाही नाही, म्हणून मी तुझे आभार मानतो. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. दुसऱ्याची कमनशिबी दाखवून स्वतःला आभारी करायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. लहान मुलांना जेवताना तर हमखास ऐकवतो. त्यात देवाचे आभार कमी आणि सुटकेचा निःश्वास जास्त.

निळी शाई
खूप मिळालं. मूळ वचन तसंच ठेवून खाली असं द्यावं का: ‘कसल्याही परिस्थितीत देवाचे आभार मानत राहा’?

पाटी-पेन्सिल
‘कसल्याही’त थोडी जबरदस्ती ऐकू येते, ‘काय वाट्टेल ते होवो’ अशी. ‘कोणत्याही’ करा. ‘मानत राहा’ मात्र छान. ग्रीक क्रियापद चालू राहणाऱ्या क्रियेचं आहे असं म्हणतात, नुसत्या ‘करा’त ते दिसत नाही.

जुनी वही
ते बरोबर आहे, वर्तमानकाळी आज्ञार्थ आहे तो. ‘देवाचे’ हा शब्द मूळ ओळीत नाही, पण अर्थ तोच, तेव्हा ठेवायला हरकत नाही. आणि जागा असेल तर पान उलटल्यावर १४वं वचनही छापा, पुस्तिका नेऊन देणाऱ्यांसाठी.

मातीचे पाय
पान उलटून नको. कव्हरच्या आतल्या बाजूला छापा. पुस्तिका हातात देण्याआधी देणारा ती चाळतोच.