पोरांना इतिहास पाठांतराशिवाय कसा शिकवायचा?

मुलगी चौथीत आहे, महाराजांवरचं पुस्तक तोंडपाठ, शाहिस्तेखानाची बोटं १६६३ ला छाटली हे झोपेतही सांगेल, पण परवा लाल महालासमोरून जाताना विचारते बाबा हे काय आहे? राहतो कसब्यात!! काय करावं?

पेठकर: सेम इकडे 😄 सांगताना एवढं सांगा की आत्ताचा लाल महाल नंतर बांधलाय, मूळचा नाही, नाहीतर पोरं खिडकी शोधत बसतात. आगाखान पॅलेसला न्या. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला तिथेच कैदेत असताना वारले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला, दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. आमचा पोरगा गाडीत बसेपर्यंत गप्प, मग म्हणतो म्हणजे त्यांना झेंडावंदन बघायलाच नाही मिळालं?

गंजपेठवाली: फुलेवाडा विसरू नका हो. जोतिरावांनी घरचा हौद १८६८ ला अस्पृश्यांसाठी खुला केला, हे पुस्तकात एक ओळ असतं. तिथे उभं राहून सांगितलं की पोरंच विचारतात, पाणी का नव्हते देत? उत्तराची तयारी करून जा, मी अडखळले होते.

धागाकर्ता: रविवारी फुलेवाडा फिक्स. पार्किंग कुठे मिळतं तेवढं सांगा.