पहिलीच प्रोग्रामिंग भाषा रस्ट? नवशिक्यांना घाबरवणं पुरे आता

टर्मिनलवाला (धागाकर्ता)
'रस्ट अवघड, आधी पायथन कर' हे ऐकून कित्येक जण तिच्या वाटेलाच जात नाहीत. माझं मत उलटं: अडचण पहिल्याच दिवशी दिसू द्या. `अ` मध्ये `स्ट्रिंग::फ्रॉम` ने 'पुणे' ही स्ट्रिंग (मजकूर) ठेवा, खाली `लेट ब = अ;` लिहा आणि मग `अ` छापायला जा. (हो, रस्ट १.५३ पासून देवनागरी नावं चालतात.) कंपायलर चूक क्र. ई०३८२ म्हणून अडवतो, मालकी (रस्टमध्ये प्रत्येक मूल्याचा मालक एका वेळी एकच) कुठल्या ओळीत गेली ते दाखवतो, वर `.क्लोन()`, म्हणजे वेगळी प्रत काढणं, सुचवतो. ६४ बिटी मशीनवर हलले ते फक्त २४ बाइट: पत्ता, लांबी, क्षमता. हीपवरची (प्रोग्राम चालताना मागून घेतलेल्या मेमरीतली) अक्षरं जागच्या जागी. दोघंही मालक राहिले असते तर तीच मेमरी दोनदा मोकळी झाली असती. एका चुकीतून एवढं कोण शिकवतं?

जुनी खोड
असहमत. ज्याने अजून फॉर लूप लिहिला नाही त्याला हीप काय कळणार? कंपायलर म्हणाला म्हणून तो दिसेल तिथे `.क्लोन()` चिकटवतो. प्रोग्राम चालतो, मालकी डोक्यावरून जाते. शिवाय टाइपच्या चुका निस्तरेपर्यंत बॉरो चेकरची (मालकीचे नियम तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाची) पाळीच येत नाही. पाच चुका काढून हुश्श करावं तर समोर नव्या आठ! विंडोजवर तर आधी सी++ ची बिल्ड टूल्स, म्हणजे काही जीबी डाउनलोड. नमनालाच घडाभर तेल.

टर्मिनलवाला
इन्स्टॉलचं कारण लंगडं आहे. ब्राउझरमधल्या रस्ट प्लेग्राउंडवर पहिला आठवडा आरामात निघतो. आणि क्लोन चिकटवू देत की, नंतर काढता येतात.

सेमीकोलन
खरा घोळ क्रमाचा आहे. सी शिकवायच्या सवयीने लोक लगेच दुहेरी लिंक्ड लिस्टला (मागच्या-पुढच्या दोन्ही नोडशी जोडलेल्या यादीला) हात घालतात. तिथे प्रत्येक नोडकडे दोन बाजूंनी बोट, आणि रस्टला मालक हवा एकच. त्याऐवजी सगळे नोड एका व्हेकमध्ये (वाढत्या यादीत) ठेवा आणि मागच्यापुढच्याचा इंडेक्स साठवा. स्ट्रक्टमध्ये (आपण बनवलेल्या डेटाच्या साच्यात) रेफरन्स, म्हणजे उसना पत्ता, नको, स्ट्रिंगच ठेवा. मग लाइफटाइमच्या (रेफरन्स किती काळ वैध ते सांगणाऱ्या) खुणा लिहाव्या लागत नाहीत. दर चार-पाच ओळींनी `कार्गो चेक` (फक्त चुका तपासणारी आज्ञा) चालवलं तर ते 'नव्या आठ' प्रकरणही होत नाही.

जुनी खोड
हे सांगायला शेजारी कोणी बसलेलं हवं ना! 'पुणे'ची लांबी विचारा: पायथन ४ म्हणते, रस्ट `.लेन()` ला १२, कारण ती बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. पहिलं अक्षर काढायला `&अ[०..१]` लिहा. कंपाइल बिनतक्रार, चालवलं की पॅनिक, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद.

टर्मिनलवाला
पायथनचे ४ तरी कुठे बरोबर? डोळ्यांना 'पु' आणि 'णे' दोनच दिसतात. `.चार्स().काउंट()` ने रस्टही ४ देते. दोनच हवे असतील तर `युनिकोड-सेगमेंटेशन` हे क्रेट (बाहेरची लायब्ररी) जोडा.

जुनी खोड
दोन अक्षरं मोजायला बाहेरचं क्रेट! माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.