शब्दचर्चा : युती, प्रतियुती आणि मंगळावरची प्रेमकथा

लेखिका :

माझी कादंबरी लिहून झाली आहे, छपाईपूर्वीचा शेवटचा हात फिरवते आहे. प्रकाशक मीच. अडलेल्या शब्दावर बोट ठेवायला संपादक नाही, म्हणून इथे विचारते.

कथा अशी. ती मंगळावरच्या वस्तीत खडकांचा अभ्यास करते. तो नारायणगावजवळ खोडदला, रेडिओ दुर्बिणीवर काम करतो. जागा मुद्दाम निवडली आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला स्किआपरेली यान मंगळाच्या वातावरणात शिरलं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या याच तबकड्यांनी टिपला होता. मंगळावरून निघालेली हाक जुन्नर तालुक्यात पोचते हे वाचलं आणि मला अख्खी कादंबरी दिसली.

दोघांमधलं अंतर सतत बदलतं. अगदी जवळ आले तर साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास, दूर गेले तर चाळीस कोटी. निरोप एका बाजूने पोचायला कधी ३ मिनिटं, कधी २२. जवळ येणं आणि दूर जाणं यांचा एक फेरा साधारण २६ महिन्यांचा. एवढ्यावरच मी सगळा शृंगार उभा केला आहे. स्पर्श नाही, नजरानजर नाही, फक्त वाट पाहणं आहे आणि तेही दर आठवड्याला वेगळ्या लांबीचं.

आता अडचण. मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो त्याला सूर्य-मंगळ युती म्हणतात. तेव्हा तो आपल्यापासून सर्वांत दूर असतो, आणि सूर्य आड आल्यामुळे यानांना आज्ञा पाठवणं सुमारे दोन आठवडे थांबवतात. जून २०१५ मध्ये आपल्या मंगळयानाशीही असंच बोलणं थांबलं होतं. उलट प्रतियुतीला पृथ्वी मधे, मंगळ जवळ, रात्रभर आकाशात. म्हणजे माझ्या कथेत ताटातुटीचं नाव ‘युती’ आणि जवळिकीचं नाव ‘प्रतियुती’! वाचकाला युती म्हटलं की एकत्र येणं आठवणार, नाहीतर निवडणुका. हे शब्द तसेच ठेवू, की दुसरे घडवू?

आणखी एक. मंगळावरचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. तिथल्या मोहिमांवर काम करणारे त्याला ‘सोल’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? ‘मंगळवार’ हा शब्द तर आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे.

प्रतिसाद, नाशिकहून :

ताई, युती अजिबात सोडू नका. हा शब्द उलटा वाटतो, कारण आपण तो ‘आपली आणि मंगळाची युती’ असा ऐकतो. ती युती मंगळाची आणि सूर्याची आहे. पृथ्वीवर उभं राहून पाहणाऱ्याला दोघं एका जागी दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. पाहणारा त्या जोडीच्या बाहेर असतो. तुमचा नायक नेमका तिथेच उभा आहे. ती कुणा दुसऱ्याच्या तेजात बुडालेली आणि हा लांबून बघतोय. असं असताना नवा शब्द कशाला घडवायचा?

आता मंगळावरून पाहा. तिथून पृथ्वी हा आतला ग्रह, आपल्याला शुक्र आहे तसा. त्यामुळे ती पहाटे किंवा संध्याकाळीच चांगली दिसणार, मध्यरात्री माथ्यावर कधीच येणार नाही. आणि आतल्या ग्रहाची प्रतियुती होतच नाही. त्याच्या दोन्ही युत्याच असतात, सूर्याच्या अलीकडे असताना अंतर्युती आणि पलीकडे असताना बहिर्युती. आपण ज्या दिवशी ‘मंगळाची प्रतियुती’ म्हणतो, त्या दिवशी तुमची नायिका ‘पृथ्वीची अंतर्युती’ म्हणेल. एकच दिवस, दोन नावं. तिच्या पंचांगात प्रतियुती हा शब्द पृथ्वीसाठी लागणारच नाही. पण एक ध्यानात ठेवा. त्या दिवसांत त्याला मंगळ रात्रभर लालभडक दिसतो आणि तिला पृथ्वी दिसत नाही, सूर्याच्या झोतात हरवलेली असते. निरोप सर्वांत लवकर पोचतात ते नेमके याच दिवसांत.

प्रतिसाद, पणजीहून :

युतीबद्दल वरच्या काकांशी सहमत. ‘सोल’ मात्र नको. आमच्याकडे सोलं म्हणजे कोकमाची. ‘तिने मंगळावर शंभर सोल काढले’ असं वाचलं की आधी कढी डोळ्यांपुढे येते. कोकणात कुणालाही विचारा.

प्रतिसाद, इंदूरहून :

मंगळाच्या दिवसासाठी ‘अहोरात्र’ घ्या. एक दिवस आणि एक रात्र मिळून अहोरात्र, आणि ते किती तासांचं हे त्या शब्दात कुठेच बांधलेलं नाही. ‘अहोरात्र कष्ट केले’ एवढ्यापुरताच तो आता उरला आहे, तुमच्या कादंबरीत पुन्हा नाम म्हणून चालेल.

इंग्रजी बोलणाऱ्यांना तिथल्या ‘काल’ आणि ‘आज’साठीही नवे शब्द जुळवावे लागले, कारण त्यांच्या त्या शब्दांतच ‘दिवस’ दडलेला आहे. आपल्या काल, आज, उद्या यांत तशी अडचण नाही. मंगळावरही ‘उद्या बोलू’ म्हणता येईल. ‘परवा’ तर मागेही जातो आणि पुढेही, क्रियापद येईपर्यंत कळत नाही. ज्यांचे दिवस एकमेकांशी जुळत नाहीत अशा दोघांच्या बोलण्यात ‘परवा’ किती कामाला येईल बघा.

न जुळण्याचा हिशेबही करून ठेवा. तिचा दिवस त्याच्यापेक्षा जवळजवळ ४० मिनिटांनी लांब, म्हणून तिची पहाट रोज तेवढी मागे पडत जाते. आज दोघांची पहाट एकदम झाली, तर अठरा दिवसांनी त्याच्या पहाटे तिची संध्याकाळ असेल आणि पुन्हा जमायला छत्तीसएक दिवस लागतील. ज्यांच्या घरात एकाची रात्रपाळी आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मिनिटं कशाला मोजता? घटका घ्या. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, ६० पळांची. तुमचा सर्वांत लांबचा निरोपही २२ मिनिटांत पोचतो, म्हणजे घटका भरायच्या आत. आपण उगीच ‘घटकाभर थांब’ म्हणतो, ते तिच्या तोंडी अक्षरशः खरं ठरेल.

प्रतिसाद, सांगलीहून :

मला ‘मंगळ’ या शब्दाविषयीच बोलायचं आहे. आमच्या घरात हा शब्द हळू आवाजात उच्चारला जायचा. बहिणीला मंगळ होता, ‘कडक मंगळ’. पत्रिका परत येत. ताई, तुमची नायिका खरोखर मंगळावर राहते आणि तिच्यावर कुणीतरी मनापासून प्रेम करतं, एवढं वाचूनच मला भरून आलं. त्याच शब्दातून मंगळसूत्र आलं आणि श्रावणातल्या मंगळवारी पुजतात ती मंगळागौरही. पुस्तकात या शब्दाला धाक म्हणून नाही, घर म्हणून वापरा. कुठेतरी तिला सरळ म्हणू द्या, ‘हो, मला मंगळ आहे.’

प्रतिसाद, पुण्याहून (मुद्रितशोधनाचं काम करतो) :

दोन किरकोळ आणि एक महत्त्वाची सूचना. मंगळावर ‘भूकंप’ लिहू नका, ‘भू’ म्हणजे आपली पृथ्वी. ‘मंगळकंप’ लगेच समजतो. तिला ‘भूगर्भशास्त्रज्ञ’ही म्हणू नका. तुम्ही वर ‘खडकांचा अभ्यास करते’ लिहिलं आहे तेच उत्तम.

महत्त्वाचं मुखपृष्ठाबद्दल. ‘विज्ञानप्रेमकथा’ छापू नका. समास फोडताना घोटाळा होतो आणि विज्ञानावरच्या प्रेमाची कथा असाही अर्थ निघतो. ‘प्रणय’ घेतलात तर वाचक फक्त शय्यागृहाची अपेक्षा धरतो. ‘अद्भुतरम्य’ हा जुना शब्द १८६१ च्या ‘मुक्तामाले’सारख्या कादंबऱ्यांना लावतात, पण तुमच्याकडे अद्भुत काही नाही, सगळं गणितात बसलेलं आहे. माझं मत विचाराल तर नुसतं ‘कादंबरी’ छापा. हा शब्द मुळात बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. सातव्या शतकातल्या त्या कथेत तिचा प्रियकर चंद्रापीड म्हणजे शापाने पृथ्वीवर जन्मलेला चंद्र, आणि ती त्याच्या जिवंत होण्याची वाट पाहत बसते. दुसऱ्या गोलावरचा प्रियकर आणि वाट पाहणारी स्त्री. मराठीने हा शब्द साऱ्या वाङ्मयप्रकाराला दिला तो याच गोष्टीवरून. तुमच्या पुस्तकाला त्याच्यापुढे कुठलंही विशेषण लावायची गरज नाही.

लेखिका :

सगळ्यांचे मनापासून आभार. युती-प्रतियुती ठेवते आहे. नाशिकच्या काकांनी दाखवलेली ‘एक दिवस, दोन नावं’ ही गोष्ट माझ्या हिशेबात होती, शब्दांत नव्हती. आता सातवं प्रकरण दोनदा येईल, एकदा त्याच्या बाजूने ‘प्रतियुती’ या नावाने आणि एकदा तिच्या बाजूने ‘अंतर्युती’ या नावाने. तारीख तीच, निरोप तेच, फक्त तीन मिनिटं मागेपुढे.

घटका फक्त तिच्या आजीच्या आवाजातल्या जुन्या ध्वनिमुद्रणात घेईन. दोघं तरुण आहेत, ते एकमेकांशी मिनिटांतच बोलतील. निरोपाला लागणाऱ्या वेळेला माझ्या खर्ड्यात ‘विलंब’ होता, तो काढला. विलंब म्हटलं की कुणाची तरी चूक झाली असं वाटतं, आणि इथे चूक कुणाचीच नाही, प्रकाशाचा वेगच तेवढा आहे. आता ती ‘आज पल्ला किती?’ विचारते आणि तो ‘बारा’ म्हणतो.

सांगलीच्या दादा, ते वाक्य पुस्तकात घातलं आहे. ती ते त्याच्या आईला सांगते.

मुखपृष्ठावर नुसतं ‘कादंबरी’. एक शंका राहिली, अहोरात्र नाम म्हणून चालवताना लिंग कोणतं धरू?

प्रतिसाद, पुण्याहून :

नपुंसकलिंग धरा. ‘एकशेदहावं अहोरात्र’ कानाला बरोबर लागतं. प्रकरणांच्या माथ्यावर ‘अहोरात्र ११०’ असा आकडा द्या, आणि अनेकवचन ‘अहोरात्रं’ बोलीत, ‘अहोरात्रे’ निवेदनात. दोन्हींची सरमिसळ मात्र होऊ देऊ नका. शेवटचं प्रूफ पाठवलंत तर तेवढं मी पाहून देईन.