मराठी डीटीपीसाठी मॉनिटर: आयपीएस घेऊ की ओएलईडी?

पानजुळणी:
नमस्कार मंडळी. माझं घरूनच डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, पुस्तकं आणि आता दिवाळी अंकाची पानं सुरू झालीयत, रोज नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात. सध्याचा २४ इंची फुल एचडी आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) दहा वर्षं वापरला, आता एक कोपरा पिवळा पडलाय आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात. भाचा म्हणतो मावशी ओएलईडीच घे, आयपीएस जुनं झालं. त्याचा गेमिंगचा पाहिला, काळा रंग खरंच काळाकुट्ट दिसतो, पण किंमत फार आहे आणि एकदा घेतला की सात-आठ वर्षं बदलणं जमणार नाही. मराठी कामासाठी कोणी वापरलाय का?

सांगलीकर_७९:
ताई मी वापरलाय, ३४ इंची क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार), आणि टायपिंगसाठी नकोच सांगेन. साध्या एलसीडीत लाल हिरवा निळा असे तीन ठिपके एका रांगेत असतात, क्यूडी-ओएलईडीत ते त्रिकोणात असतात, हिरवा वर आणि बाकीचे दोन खाली. त्यामुळे आडव्या रेघेच्या वरखाली हिरवट-गुलाबी कडा दिसते. इंग्रजीत एवढं जाणवत नाही हो, पण आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! अख्खं पान रंगीत काठाचं वाटायला लागतं. २७ इंची ४के ओएलईडीत ठिपके बारीक असल्याने हे पुष्कळ कमी होतं, पण तो आणखी महाग.

रात्रपाळी:
शिरोरेषेचं बरोबर. त्यात बर्न-इनचं पण बघा. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि वापराने झिजतो, तुमचा टूलबार, रुलर दिवसभर एकाच जागी, त्याचा डाग हळूहळू बसू शकतो. काही कंपन्या त्यावर तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण तुम्हाला सात-आठ वर्षं काढायचीत. आणि तो स्टँडबायमध्ये असताना स्वतःची साफसफाई करतो, आपण काम संपलं की बोर्डाचंच बटण बंद करतो, मग ती होतच नाही. सिनेमा, गेमसाठी भाच्याचं खरंय, त्याला दोष देऊ नका.

जुना_कंपोझिटर:
२००५ च्या सुमारास आम्ही असाच वाद घालायचो, डबा मॉनिटर म्हणजे सीआरटी ठेवायचा की एलसीडी घ्यायचा. मी घाईने स्वस्तातला टीएन एलसीडी घेतला, मान जरा खालीवर केली की फोटोचा रंग बदलायचा, म्हणून रंग तपासायला परत सीआरटीकडे. सीआरटी ६० हर्ट्‌झवर लुकलुकायचा पण ८५ वर लावला की शांत. तेव्हापासून नवीन आहे म्हणून काही घेत नाही, स्वतःचं काम त्यावर उघडून बघतो. तुम्हाला २७ इंची ४के आयपीएस बसेल. २४ इंची फुल एचडीत इंचाला ९२ च्या आसपास ठिपके, यात १६० च्या वर, अनुस्वार आणि रफार डोळे न ताणता वाचता येतात. काळा थोडा राखाडी दिसेल, खोलीत अंधार करून बसू नका म्हणजे खटकणार नाही.

पानजुळणी:
खूप आभार सगळ्यांचे, शिरोरेषेचं तर दुकानात कोणी सांगितलंच नसतं. शनिवारी पेन ड्राइव्हवर अंकाचं एक पान घेऊन जाते, १० पॉइंटचा मजकूर दोन्हीवर उघडून बघते. काका, तुमचा आयपीएस मॅट आहे की चकचकीत? माझ्या टेबलामागे खिडकी आहे.

जुना_कंपोझिटर:
मॅट. खिडकी पाठीमागे असेल तर मॅटच घ्या, आणि जमलं तर टेबल फिरवून खिडकी बाजूला येऊ द्या.