हँग-ऑन फिल्टर गप्पीची पिल्लं ओढतोय, काय करू?

म्हार्दोळची_मासळी
नमस्कार मंडळी. माझी टाकी दोन फूट बाय एक बाय एक, पाणी साधारण 55 लिटर. आत गप्पी आणि थोडे निऑन टेट्रा मासे. चतुर्थीच्या आधी नवा हँग-ऑन (टाकीच्या काठावर बाहेरून टांगायचा) फिल्टर बसवला, खोक्यावर ताशी 500 लिटर लिहिलंय. दुकानदार म्हणाला, जितका जोराचा तितका बरा. पाणी खरंच नितळ झालं, पण गप्पीने पिल्लं टाकली की दुसऱ्या दिवशी अर्धी गायब. आई खाते हे ठाऊक आहे, त्यासाठी कोपऱ्यात गवत भरपूर ठेवलंय. परवा फिल्टरचा मागचा डबा उघडला तर पिल्लं तिथे आरामात पोहत होती! काल सकाळी तर एक मोठा निऑन फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या नळीच्या जाळीला चिकटून मेलेला. सासूबाई म्हणतात जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांध. बांधू का?

शेवाळप्रेमी_मडगाव
मच्छरदाणीपेक्षा बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा घ्या. दोन पदर करून रबर बँड मारा, काम झालं. खर्च नाही काही.

डिचोलीचा_काका
मोजा नको, मच्छरदाणीही नको. पिल्लं आत जायची थांबतील आणि बाहेर चिकटून मरतील, एवढाच फरक. भोक केवढं आहे हा अर्धा प्रश्न झाला. तोंडाशी पाणी किती वेगाने धावतं ते बघायला हवं.

हिशेब करा. ताशी 500 लिटर म्हणजे सेकंदाला जवळपास 140 घन सेंटीमीटर. नळीच्या टोकाच्या सगळ्या फटी मिळून तीनेक चौरस सेंटीमीटर धरा. म्हणजे फटीत पाणी सेकंदाला 45 सेंटीमीटरच्या आसपास धावतंय. आता त्याच नळीवर 5 सेंटीमीटर व्यासाचा, 10 सेंटीमीटर लांब गोल स्पंज चढवा. त्याची बाहेरची बाजूच दीडशे चौरस सेंटीमीटरच्या वर भरते, आणि वेग सेकंदाला एक सेंटीमीटरच्या खाली येतो. काल जन्मलेलं पिल्लूसुद्धा त्या स्पंजवर तोंड मारत चरत बसेल. (खोक्यावरचा आकडा प्रत्यक्षात कधी पुरा मिळत नाही, पण प्रमाण तेच.) मोजा नळीला घट्ट चिकटतो, त्यामुळे ओढ त्याच फटींवर राहते, आणि वर तो लगेच बुळबुळीत होऊन तुंबतो.

स्पंज जाड छिद्रांचा घ्या, इंचाला 20 ते 30 छिद्रंवाला. बारीक घेतलात तर रोज पिळत बसाल. खालचं टोक बंद हवं. आरपार भोक असलं तर पिल्लू खालून सरळ नळीत. गादीचा फोम कापून लावू नका, त्यात कसली रसायनं असतात देव जाणे. स्पंज तुंबला की मागच्या डब्यातलं पाणी उतरतं आणि मोटर खडखडते, तेव्हा पिळा. पण टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात. तुमच्याकडे नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी, क्लोरिन मारलेलं. त्याखाली धुतलात तर स्पंजवर बसलेले उपयोगी जिवाणू मरतील.

निऑनचा आळ मात्र फिल्टरवर घालू नका. धडधाकट मोठा निऑन अशा फिल्टरच्या ओढीतून सहज निसटतो. चिकटलेला सापडतो तो बहुतेक आधीच मेलेला किंवा मरायला टेकलेला. नवा बसवला तेव्हा जुन्या फिल्टरचं काय केलंत?

म्हार्दोळची_मासळी
जुना हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर होता. दुकानदारानेच सांगितलं, आता त्याची गरज नाही. गच्चीवर वाळतोय.

डिचोलीचा_काका
मग तिथेच आहे दुखणं. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू त्या जुन्या स्पंजावर होते, ते गेले, आणि नव्या फिल्टरात अजून पुरते बसलेले नाहीत. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे. आजच किट आणून अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य हवेत. नसतील तर क्लोरिन काढलेल्या पाण्याने रोज पाव टाकी बदला आणि खाणं निम्म्यावर आणा. वाळलेला स्पंज आता मेलेला, तरी नीट धुऊन परत टाकीत लावा, हळूहळू त्यावरही बसतील. लाइट गेली तर बॅटरीच्या हवेच्या पंपावर तोच चालेल, आणि पावसात आपल्याकडे लाइट जाते हे मी सांगायला नको. हँग-ऑनचं मात्र लाइट आल्यावर बघून घ्या, पाणी ओढायला लागला की नाही ते. काही कोरडेच घरघरत राहतात.

म्हापसा_झिंगे
मधेच विचारतो. माझ्याकडे कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आहे, चेरी झिंग्यांची पिल्लं ओढतो. ओढणाऱ्या पाइपचा कॉक अर्धा बंद केला तर?

डिचोलीचा_काका
नको रे बाबा. ओढणारी बाजू आवळली की पंप उपाशी राहतो, आत हवा धरतो. जोर कमी करायचाच तर परतीच्या पाइपवर कर. पण झिंग्यांची पिल्लं दोनेक मिलिमीटरची, तुला स्पंज लागणारच, आणि जरा बारीक छिद्रांचा.

म्हार्दोळची_मासळी
देव बरें करूं, काका. किट आणलं, अमोनिया 0.5 दाखवतंय. पाणी बदलायला घेतलं. फोंड्यात एवढा लांब स्पंज नाही मिळाला, निम्म्या लांबीचे आहेत. एकाखाली एक दोन लावले तर चालतील?

डिचोलीचा_काका
चालतील. वरचा आरपार भोकाचा, खालचा बंद. नळीच्या फटी दोन्हींच्या आत येऊ देत. आणि मधे सांध्यात फट राहिली नाही ना, बोट फिरवून बघा.