कण अस्थिर असेल तर तो डार्क मॅटर कसा?

शंकासुर
मोकळा न्यूट्रॉन सरासरी 880 सेकंदांत फुटतो, म्युऑन 2.2 मायक्रोसेकंदांत. विश्वाचं वय 13.8 अब्ज वर्षं. मग डार्क मॅटरच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाच्या) उमेदवारांत क्षय पावणारे, म्हणजे आपोआप फुटणारे कण कसे? आणि दीर्घिकासमूहांच्या क्ष-किरण वर्णपटात 3.5 केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) ला दिसलेल्या, 2014 मध्ये गाजलेल्या रेषेचं पुढे काय झालं?

त्रिज्या
‘अस्थिर’ म्हणजे अल्पायुषी नव्हे. 7 केईव्ही वस्तुमानाचा स्टेराइल न्यूट्रिनो (साध्या न्यूट्रिनोचा कल्पित, जवळपास कशाशीच क्रिया न करणारा भाऊबंद) घ्या. तो साधा न्यूट्रिनो आणि एक फोटॉन यांत फुटतो. फोटॉनच्या वाट्याला निम्मी ऊर्जा, म्हणजे 3.5 केईव्ही. क्षयाचा वेग वस्तुमानाच्या पाचव्या घातावर आणि साध्या न्यूट्रिनोशी असलेल्या मिश्रणावर अवलंबून. या मिश्रणाचं माप, साइन वर्ग 2 थीटा, 7×10⁻¹¹ धरलं तर आयुर्मान 6×10²⁷ सेकंद येतं, विश्वाच्या वयाच्या सुमारे 14 अब्ज पट.

तरी तो दिसायला हवा, कारण कण अफाट आहेत. ययाती तारकासमूहामधल्या दीर्घिकासमूहात साधारण 10⁷⁷. अंतर 24 कोटी प्रकाशवर्षं धरा: पृथ्वीजवळ दर चौरस सेंटिमीटरला बारा-एक तासांत एक फोटॉन. शिवाय एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र जेमतेम अर्धा अंश, त्यात अख्खा समूह मावत नाही. म्हणून 73 समूहांचे वर्णपट एकमेकांवर रचावे लागले. संशोधकांच्या दुसऱ्या गटाला तीच रेषा ययातीत आणि देवयानी दीर्घिकेत दिसली.

गाळीव_डेटा
घोळ इथेच आहे. या दुर्बिणीतल्या सीसीडी संवेदकाचं ऊर्जा-विभेदन (जवळच्या दोन ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता) शंभरेक ईव्ही (1 केईव्ही = 1000 ईव्ही), आणि 17 इलेक्ट्रॉन गमावलेल्या पोटॅशियमच्या रेषा नेमक्या 3.47 आणि 3.51 केईव्हीला. वायूचं तापमान किंवा पोटॅशियमचं प्रमाण थोडं चुकीचं धरलं की उरलेला उंचवटा ‘नवा कण’ म्हणून मिरवतो. 2020 मध्ये आपल्याच दीर्घिकेतल्या डार्क मॅटरची रेषा रिकाम्या आकाशात शोधली, तिथे ती नाही. त्यावर आक्षेप असा की ऊर्जेची खिडकी फार अरुंद घेतली आणि 3.3 व 3.7 जवळच्या रेषा हिशेबात धरल्या नाहीत. माझ्या मते पारडं तरीही ‘नाही’कडे झुकतं.

शंकासुर
पोटॅशियम की कण, हे कसं ओळखणार?

त्रिज्या
रेषेच्या रुंदीवरून. समूहात डार्क मॅटर सेकंदाला हजारेक किमीने धावतं, त्यामुळे रेषा 10-12 ईव्ही पसरते. गाभ्यातल्या वायूची खळबळ 160 किमीच्या आसपास, म्हणून पोटॅशियमची रेषा बारीक. 5 ईव्ही विभेदनाला हा फरक कळतो. हितोमी या जपानी क्ष-किरण उपग्रहाकडे ते होतं. ययातीच्या गाभ्यात दावा केला होता तेवढी तेजस्वी रेषा मिळाली नाही, पण रुंद रेषेवरची मर्यादा सैलच राहिली. मार्च 2016 मध्ये यान गरगरत तुटलं. 2023 पासून त्याचा वारसदार उपग्रह एक्सरिझम तेच काम करतंय. त्याच्या संवेदकापुढची झडप उघडलेली नाही, पण त्याने मुख्यतः 1.7 केईव्हीखालचा भाग गेला, 3.5 शाबूत आहे.

गाळीव_डेटा
एक राहिलं: क्षयातून निघणारे कणही अदृश्य असतील तर दुर्बिणी काही कामाच्या नाहीत. मग फक्त गुरुत्वाकर्षणाचा पुरावा उरतो, आणि तो आयुर्मान विश्वाच्या वयाच्या किमान दहा-एक पट हवं एवढंच सांगतो.